पासष्टी, पिशवी आणि पुरवणी विमा

मूळव्याध असेल असं समजून जे गप्प बसले आहेत, त्यांच्यासाठी हे आधी लिहिते. शौचाला रक्त पडलं तर आपल्याकडची बाई नवऱ्यालासुद्धा पटकन सांगत नाही. मीही नाही सांगितलं. ताक वाढवलं, मिरची कमी केली, इसबगोल आणलं. शारजातल्या एका भारतीय शाळेत बालवाडीच्या वर्गावर मी वीसेक वर्षं काढली. ‘शी लागली की लगेच बाईंना सांगायचं, लाजायचं नाही’ हे मी किती पोरांना शिकवलं असेल याची गणती नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडल्या, तरी माझं तोंड काही उघडलं नाही.

शेवटी सुनेच्याच लक्षात आलं. आम्ही दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये मुलाकडे, निनादकडे राहतो. संध्याकाळी रेवतीबरोबर खाली चक्कर मारायला जायचे, तर इमारतीला अर्धा वळसा घालेपर्यंत मला धाप लागायला लागली. ती म्हणाली, “आई, तुमचे ओठ पांढरे दिसतायत. काय होतंय ते खरं सांगा.” तिथेच बाकावर बसून सांगितलं. तिने लगेच फोन काढला आणि डॉक्टरची वेळ घेतली.

इन्शाल्ला म्हणजे काय

तपासण्या झाल्या, आतड्यात दुर्बीण घालून झाली, आणि रिपोर्ट ऐकायला आम्ही तिघं गेलो. मी, निनाद आणि हे, म्हणजे माझे यजमान. सर्जन इजिप्तचे होते, धिप्पाड, आवाज मात्र मऊ. ते सगळं निनादकडे बघून बोलत होते. निनाद मान हलवत होता आणि त्याच्या मानेवरची शीर उडत होती. मला कळलं काय ते. मी टेबलावर टकटक केली, वर्गात करायचे तशी, आणि म्हटलं, “डॉक्टरसाहेब, पेट मेरा है. मुझे बताइए.”

ते माझ्याकडे वळले. “मॅडम, इट इज कॅन्सर. वी कॅन टेक इट आउट, इन्शाल्ला.”

आता इतकी वर्षं इथे काढल्यावर इन्शाल्लाचा अर्थ माझ्या डोक्यात फार चांगला राहिलेला नाही. प्लंबर ‘टुमॉरो, इन्शाल्ला’ म्हणाला की तो येत नाही. म्हणून विचारलं, “इन्शाल्ला म्हणजे येस की नो?”

डॉक्टर हसले. “फ्रॉम अ प्लंबर, नो. फ्रॉम मी, येस.”

त्या दिवसातलं मला नीट आठवतं ते एवढंच. आणि पार्किंग. ह्यांना गाडी कुठे लावली ते आठवेना. ड्राफ्ट्समन माणूस, हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यात उभा जन्म रेघा मारण्यात गेला. तो हातात किल्ली घेऊन प्रत्येक मजल्यावर फिरत होता आणि आम्ही मागे. निनाद म्हणाला, “बाबा, जस्ट प्रेस द बटन.” ह्यांनी बटण दाबलं. आमच्या अगदी शेजारचीच गाडी बोलली. मग तिघंही गाडीत बसलो आणि बराच वेळ कुणी ती चालूच केली नाही.

पिशवी

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ निघाली. पण जोडलेलं आतडं भरून येईपर्यंत शौचाची वाट पोटावरून काढून दिली होती आणि तिथे एक पिशवी चिकटवलेली. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, चित्रही काढून दाखवलं होतं. तरी पहिल्यांदा पांघरूण बाजूला केलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड फिरवलं. पोटावर ओलसर, लाल, गुलाबाच्या कळीएवढं आपलंच आतडं बघायची मनाची तयारी कुठल्याही चित्राने होत नाही.

शिकवायला केरळची एक नर्स यायची. ती म्हणाली, “अम्मा, आप टीचर था ना? अब स्टुडंट बनो.” पिशवीच्या चकतीला बरोबर मापाचं भोक कापायचं, कडा कोरड्या करायच्या, मग चिकटवायची. मी कापलेलं पहिलं भोक वाकडं झालं. रेवतीने कात्री घेतली. ती पहिल्यांदा कापायला बसली तेव्हा मी म्हटलं, “तू नको गं करूस हे.” ती मान खाली घालूनच म्हणाली, “आई, माझ्या बाळंतपणात तुम्ही काय काय धुतलंत ते मी विचारलं होतं का?” 

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. पिशवी गळते. माझी मॉलमध्ये गळली. निनाद बरोबर होता. वास आल्यावर आधी मला कळलं, मग त्याला. त्याने स्वतःचं जॅकेट काढून माझ्या कमरेला बांधलं आणि बाहेर नेलं. गाडीत मी रडत होते, त्याने एसी पूर्ण सोडला, सगळ्या काचा खाली केल्या आणि गाडी चालवत म्हणाला, “आई, इट्स ओके. आय डिड वर्स टू यू.” पुढच्या सिग्नलला आम्ही दोघंही हसत होतो. त्यानंतर पर्समध्ये जादा पिशवी, ओले रुमाल आणि एक गाऊन ठेवायला लागले. तुम्हीही ठेवा.

वाळवंटातली थंडी

मग केमो. मला दिलेल्या औषधाचा एक विचित्र गुण होता. थंड वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचायच्या. थंड पाणी गिळताना काच गिळल्यासारखं व्हायचं. आणि राहतो कुठे? जिथे बाहेर भट्टी आणि आत सगळीकडे बर्फ. ऐन उन्हाळ्यात मी लोकरीचे हातमोजे घालून फ्रिज उघडत होते. लिफ्टमध्ये एक लहान मुलगी माझ्या हातांकडे बघत राहिली, तेव्हा मी तिला सांगितलं की मी स्नोमॅन करायला चालले आहे. तिचा विश्वास बसला.

इथे उन्हाळ्यात नळाला कढत पाणी येतं. त्या पाण्याला आम्ही आयुष्यभर नावं ठेवली. त्या उन्हाळ्यात मात्र मी नळ सोडून हात धरून उभी राहायचे आणि बरं वाटायचं.

केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर कराचीच्या एक खाला, म्हणजे मावशी, असायच्या. आमचं उर्दू-हिंदी छान जमलं. त्यांच्या मुलाने घेतलेला विमा कायद्याने लागतो तेवढाच होता, खर्चाची मर्यादा छोटी. ती संपत आली तशी त्यांनी परत जायचं ठरवलं. जाताना मला म्हणाल्या, “बहन, तुम पूरा करके जाना.” मी हो म्हटलं. माझं पूर्ण होणार याची मला खात्री होती. आमच्याकडे पुरवणी होती ना.

प्लॅन बंद

ही पुरवणी काय ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. इथे प्रत्येकाचा आरोग्य विमा असावाच लागतो. हे निवृत्त झाले, त्यांचा व्हिसा संपला आणि आम्ही दोघं मुलाच्या स्पॉन्सरशिपवर आलो, तेव्हा निनादने आमची मूळ पॉलिसी काढली. म्हातारपणी ती पुरायची नाही म्हणून तिच्यावर आणखी एक, पुरवणी पॉलिसी घेतली. मूळ पॉलिसीची मर्यादा संपली की तिथून पुढचा खर्च पुरवणीने उचलायचा. ऑपरेशनमध्येच मूळ पॉलिसीचा जीव संपला होता. केमो चालली होती ती पुरवणीवर.

केमो निम्म्यावर आली आणि त्या पॉलिसीचं वर्ष संपलं. आजवर नूतनीकरण म्हणजे एक मेसेज आणि एक पेमेंट, एवढंच असायचं. या वेळी एजंटचा फोन आला. निनादने स्पीकरवर घेतला.

“सर, आँटी का सिक्स्टी फाइव्ह कंप्लीट हो गया. ये प्लॅन अब उनके लिए क्लोज्ड है. फ्रेश अप्लाय करना पडेगा.”

“फ्रेश मतलब?”

“मतलब नया मेडिकल डिक्लेरेशन. और जो बीमारी अभी है, उसका वेटिंग पीरियड लगेगा.”

म्हणजे पॉलिसी मिळेल, फक्त कॅन्सर सोडून. मला तर दुसरं काहीच झालेलं नव्हतं.

पुढच्या केमोला गेलो तर काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, “अप्रूव्हल नहीं आया, मॅम.” नर्सने माझी खुर्ची तयार करून ठेवली होती, वर उबदार चादरसुद्धा घातली होती. मी लांबून ती बघितली आणि आम्ही परत आलो. आजारपणात मी सगळ्यात जास्त घाबरले ते त्या दिवशी. कॅन्सर शब्द ऐकला तेव्हा नाही. तेव्हा निदान पुढे काय करायचं ते कुणाला तरी माहीत होतं.

पाहुणे

घरात त्यावरून जे झालं ते लिहू की नको असं मला खूप दिवस वाटत होतं. पण ज्या ज्या घरात आजार शिरतो तिथे हे होतंच.

जेवणाच्या टेबलावर हे म्हणाले, “चिपळूणला जाऊ. दादा आहे, घर आहे. तिकडून मुंबईला दाखवू.”

निनाद म्हणाला, “हाफवे थ्रू कीमो? बाबा, दॅट्स नॉट अ प्लॅन. वी विल कंप्लेन.”

“कुणाकडे?”

रेवतीने तोवर ऑफिसमधल्या एचआरच्या बाईंना विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली, “आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, बाबा. त्यांनी नाही म्हटलं, की विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी तक्रार कार्यालय आहे. ते दोघांना बोलावतात आणि ऐकून घेतात.”

हे ताट सरकवून म्हणाले, “इथे आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने यजमानाच्या घरात फिर्याद करू नये. उद्या तुझ्या व्हिसावर आलं म्हणजे?”

“आय वॉज बॉर्न हिअर, बाबा.”

“जन्मलास. पासपोर्टवर काय लिहिलंय ते बघ.”

 आमचा मुलगा मराठी सगळं समजतो, उत्तर इंग्रजीत देतो. शाळेत जायला लागल्यापासून हे असंच आहे. त्या दिवशी तो मराठीत बोलला. “मग मी कुठला, बाबा?”

ह्यांनी सरकवलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं. त्यांचा राग नव्हता तो, भीती होती, हे मला माहीत होतं. ज्या माणसाने सगळी नोकरी ‘यस सर’ म्हणत काढली, कारण नोकरी गेली तर व्हिसा गेला आणि व्हिसा गेला तर मुलाची शाळा गेली, त्याची भीती निवृत्तीबरोबर निवृत्त होत नाही.

मी म्हटलं, “पॉलिसीवर नाव माझं आहे. तक्रार माझ्या नावाने घाला. पाठवलं तर मला परत पाठवतील. तसंही तुम्ही मला चिपळूणला पाठवायलाच निघालायत.”

रेवतीला हसू आलं. मग ह्यांनाही. तक्रार गेली.

हिंदी चलेगा

कंपनीचं उत्तर आलं, दोन ओळींचं, वयाचा नियम दाखवणारं. ते जोडून आम्ही सरकारी कार्यालयाकडे गेलो. मधले दिवस वाईट गेले. हे रोज सकाळी चिपळूणच्या तिकिटांचे भाव बघायचे, दिरहमचे रुपये करायचे आणि फोन पालथा ठेवायचे. मला काहीच करायचं नसे. मी कपाटं आवरली.

सुनावणी व्हिडिओवर झाली. माझ्या डोक्यावर केस विरळ झाले होते म्हणून रेवतीने स्कार्फ बांधून दिला. पडद्यावर एका चौकटीत कंपनीचा एक तरुण, टाय लावलेला, आणि दुसऱ्या चौकटीत सरकारी अधिकारी. माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान अशी एक अमिराती बाई, काळा पायघोळ अबाया, डोळ्यांवर चष्मा. निनादने भाषांतर करायची तयारी केली होती. तिने त्याला हातानेच थांबवलं आणि मला विचारलं, “हिंदी चलेगा, मॅडम? हमारे घर में सब समझते हैं.”

मी म्हटलं, चलेगा.

कंपनीच्या तरुणाने वयाचा मुद्दा मांडला. पासष्ट झाली की या प्लॅनमध्ये प्रवेश नाही, तो म्हणाला. मग तिने मला बोलायला सांगितलं. मी काही पाठ केलं नव्हतं. म्हटलं, “मॅडम, इन्होंने मुझे लिया तब मैं बीमार नहीं थी. मेरी उमर इनको मालूम थी. उमर बढेगी, ये भी मालूम था. अगर पैंसठ में निकालना था, तो लेते समय बताना था.”

तिने मान डोलावली, कंपनीच्या माणसाकडे वळली आणि इंग्रजीत विचारलं, या प्लॅनमध्ये पासष्टच्या वरचे दुसरे सभासद आहेत का?

तो बघून सांगतो म्हणाला. “प्लीज चेक नाउ,” ती म्हणाली. “वी विल वेट.”

आम्ही थांबलो. हे पडद्याच्या बाहेर, सोफ्याच्या कडेवर बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

तरुण परत आला. आहेत, म्हणाला. काही आहेत.

“त्यांचं नूतनीकरण झालं?”

“येस, मॅडम.”

“त्यांच्यापैकी कुणाचे मोठे उपचार चालू आहेत?”

त्याने टायची गाठ सैल केली. मला त्याचं वाईट वाटलं. माझ्या शाळेतल्या एखाद्या पोराच्या वयाचा होता. “नो, मॅडम,” तो म्हणाला.

ती बाई लिहीत होती. मग माझ्यासाठी हिंदीत म्हणाली, नवीन माणूस घेताना कंपनी प्रश्न विचारू शकते. पण जो आधीपासून आत आहे त्याला तो आजारी पडला म्हणून बाहेर काढायचं आणि कारण वय सांगायचं, हे चालणार नाही. वयानुसार हप्ता वाढवायचा तर त्या वयाच्या सगळ्यांना सारखाच वाढवा. लेखी निर्णय येईल, असं सांगून तिने मला विचारलं, “आपका इलाज रुका है?”

“एक बार का रुका है.”

“मैं लिख देती हूँ कि जल्दी है,” ती म्हणाली.

कॉल संपल्यावर हे उठले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. चहात साखर घालायला विसरले. आम्ही तो तसाच प्यायलो.

निर्णय आमच्या बाजूने लागला. पॉलिसी त्याच अटींवर, खंड न पडता पुढे चालू. हप्ता वाढला, तो त्या वयाला सगळ्यांचाच वाढला होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. केमो लांबली त्याने बिघडलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुन्हा त्या खुर्चीवर बसले तेव्हा नर्सने चादर अंगावर टाकली आणि म्हणाली, “किधर गया था अम्मा, छुट्टी मारके?”

मी कायद्याची जाणकार नाही. हे नियम एका अमिरातीत एक, दुसरीत दुसरे असू शकतात आणि बदलतातही. माझ्यासारखा निकाल प्रत्येकाचा लागेल असं मी म्हणणार नाही. पण आईवडिलांसाठी पुरवणी घेताना एक गोष्ट आधी विचारा: पुढच्या वाढदिवसांना या पॉलिसीचं काय होणार? आणि एजंट ‘खलास’ म्हणाला म्हणजे खलास नसतं. त्याच्यावर कंपनी असते, कंपनीवर सरकार असतं, आणि तिथे बसलेल्या बाईला हिंदी येत असण्याची शक्यता बरीच असते.

खालांना मी हे सगळं व्हॉइस मेसेजवर सांगितलं. त्यांचे उपचार कराचीत चालू आहेत, सावकाश. आवाज चांगला वाटला.

वारा

केमो संपली, स्कॅन स्वच्छ आला आणि पोटावरची वाट बंद करून आतडं पुन्हा जागेवर नेण्याचं शेवटचं ऑपरेशन झालं. त्याचं अप्रूव्हल अर्ध्या दिवसात आलं. तेव्हा काउंटरवर हे गेले होते. मी न सांगता, एकटे. येऊन म्हणाले, “विचारून आलो. सगळं कव्हर्ड आहे. लेखी घेतलं.”

या ऑपरेशननंतर सगळे एकाच गोष्टीची वाट बघतात. आतडं जागं झालं की नाही हे कळायला वारा सरावा लागतो. तोवर खायला मिळत नाही. सर्जन सकाळ-संध्याकाळ येऊन विचारायचे, “गॅस, मॅडम?” नर्स विचारायची. झाडू मारायला येणारा नेपाळी माणूसही दारातून अंदाज घ्यायचा. ज्या गोष्टीबद्दल आपण जन्मभर ‘मी नाही’ म्हणत आलो, तिच्यासाठी पूर्ण मजला देव पाण्यात घालून बसला होता.

हे मला सलाईनच्या दांड्यासकट व्हरांड्यात चालवत होते. खिडकीशी पोहोचलो आणि मी थांबले.

“दुखतंय का?” ह्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “झालं.”

“काय झालं?”

“अहो, सरला.”

त्यांनी आधी नर्सला सांगितलं, मग चिपळूणला दादांना फोन लावला. त्या व्हरांड्यात मराठी कुणाला कळत नाही अशा समजुतीने मोठ्याने सांगितलं. मग मला म्हणाले, निनादला तूच सांग.

निनाद ऑफिसच्या लोकांबरोबर गाडीने दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्ककडे चालला होता. “आई, यू आर ऑन द कार स्पीकर,” तो म्हणाला. “मराठीत बोल, इथे कुणाला कळत नाही.”

मी सांगितलं.  मग निनादचा नव्हे, मागच्या सीटवरून दुसराच कुणाचा तरी आवाज आला, कोल्हापूरकडचा असावा.

“अभिनंदन, काकू.”